पंचगंगेचा घाट घरी आला

काल कोल्हापुरात होते. चप्पल घ्यायची, महाद्वार रोडवर थोडं फिरायचं, एवढंच ठरलेलं. दसरा चौकातून जाताना शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शन दिसलं आणि आत शिरले ती तासभर रमले.

एका जलरंगातल्या चित्रापुढून पाय निघेना. पहाटेचा पंचगंगा घाट, धुक्यात अर्धवट बुडालेल्या दीपमाळा, आणि पाणी म्हणून चक्क कोरा सोडलेला कागद! चित्रकार काका शेजारी येऊन उभे राहिले. "जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो ताई, राखायचा असतो." किती वेळ त्या वाक्याकडेच बघत होते जणू.

मग आबालाल रहिमानांचा विषय निघाला. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. रंकाळा, कोटितीर्थ हे इथले तलाव त्यांचे आवडते विषय. 1922 साली महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडली, असं इथे सांगतात. हे सांगताना काकांचा आवाज जड झाला होता. माझेही डोळे भरले.

घाटाचं ते चित्र घेतलंच. घासाघीस केली नाही. करवलीच नाही. काकांनी पुठ्ठ्यात चित्र बांधता बांधता बजावलं, "काच थेट कागदाला टेकू देऊ नका, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला. आणि उन्हात लावू नका, रंग उडतोय."

रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये ते उशाशी घेऊन झोपले. आज फ्रेमवाल्याकडे दिलंय. देवघराशेजारची भिंत रिकामी केली आहे, तिथं ऊन येत नाही.

चप्पल राहिलीच.