वयाचा दाखला

रजोनिवृत्तीत झोप का उडते, यावर इतर बायकांचे अनुभव वाचायला परवा रात्री एक साइट उघडली. तर, 'तुम्ही १८ वर्षांच्या आहात हे सिद्ध करा.' सेल्फी द्या, नाहीतर पासपोर्टचा फोटो. रजोनिवृत्तीवर वाचायला शाळकरी पोरी येतात की काय?

२५ जुलै २०२५ पासून ब्रिटनमध्ये हे सुरू आहे. 'ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्ट'. मुलांना पॉर्न आणि आत्महत्येला फूस देणारा मजकूर दिसू नये, हा हेतू. तो मला मान्यच आहे. पण दंड १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या १० टक्के, जास्त असेल तो. मग कंपन्या नको तिथेही कुलूप ठोकून मोकळ्या होतात. आणि त्या साइटवर बायका सख्ख्या बहिणीलाही न सांगितलेलं लिहितात, ते नाव लावावं लागत नाही म्हणूनच ना? २०२५च्या ऑक्टोबरमध्ये 'डिस्कॉर्ड' या गप्पांच्या अ‍ॅपनं कळवलं, की त्यांच्या एका कंत्राटदाराकडून सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. वय पडताळायला घेतलेले!

ऑफिसातली इंग्रज मैत्रीण ऐकून भडकली. यांना ओळखपत्राचंच वावडं. युद्धकाळातली कार्डं १९५२मध्ये रद्द केली, २००६च्या कायद्यानं आणलेली २०१०मध्ये मोडीत काढली. प्रीपेड सिम अजूनही नाव न सांगता मिळतं. मला जरा हसूच आलं. आधारला आपण दहा बोटं आणि दोन्ही डोळे देऊन बसलोय, आणि आकाश काही कोसळलं नाही. इथं येतानाही मी ठसे दिलेच, आता तर व्हिसाही ऑनलाइनच. तेव्हा यांच्यापैकी कुणी हळहळल्याचं आठवत नाही.

इतकं दिलंस तर चेहऱ्याचं काय एवढं, असं म्हणाल. मी कोण आहे हे सरकारला खुशाल कळू दे हो. रात्री दोनला मी काय वाचते, ते भलत्याच कंपनीनं का टिपून ठेवायचं? आणि आपणही फार ताठ व्हायला नको. व्हीपीएनच्या, म्हणजे आपण कुठून नेट वापरतोय ते लपवणाऱ्या सेवेच्या, ग्राहकांची नावं पाच वर्षं जपून ठेवा, हा आदेश आपल्याकडे २०२२मध्येच निघाला.

शेवटी सेल्फी दिली. पासपोर्टवर नाव, जन्मतारीख, जन्मगाव सगळंच असतं, त्यापेक्षा ही परवडली. मैत्रीण व्हीपीएन वापरते. ते बेकायदा नाही, ठाऊक आहे मला. पण ती इथली नागरिक, आणि माझा व्हिसा पुढच्या वर्षी संपतोय.