डाव्या गालावरचा तीळ

ठाणे कोर्टात मोटार अपघाताचे क्लेम चालतात, तिथे मी इन्शुरन्स कंपनीच्या वकिलांकडे ज्युनिअर आहे. परवा एका डॉक्टरचा उलटतपास होता. अर्जदार टेम्पो ड्रायव्हर, भिवंडीकडे अपघात झालेला, डावी नडगी मोडलेली म्हणजे क्लचचाच पाय, आणि सर्टिफिकेटवर अपंगत्व 45 टक्के. सर्टिफिकेट देणारा हाच डॉक्टर, त्याने ऑपरेशन केलेलं नाही, नंतर कधीतरी तपासून कागद दिलेला.

सरांनी पैशापासून सुरुवात केली, कोर्टात यायचे किती घेतले, पावती दिली का, अशा किती केसेसमध्ये येता वगैरे. मला वाटलं आता हा गडबडणार, पण गडी एकदम थंड. "सात हजार घेतले, ही पावती, रिटर्नमध्ये दाखवतो." विषय संपला. आणि खरं सांगू का, दवाखाना बंद ठेवून दिवसभर बाकड्यावर बसायचं तर फुकट कोण येईल?

मग सरांनी रजिस्टर मागितलं, समन्समध्येच आणायला लिहिलं होतं. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात आहे ना, प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद ठेवायची, पेशंटची ओळखखूण लिहायची, कॉपी ठेवायची. डॉक्टरने जाडजूड वही पुढे केली. मी सरांच्या बाजूने वाकून बघतेय तर आमच्या अर्जदारासमोर 'डाव्या गालावर तीळ', वरच्या नावाला तेच, खालच्या दोघांना तेच, त्यातली एक तर बाई! सगळं एकाच पेनने, एका हाताने, एका दमात लिहिल्यासारखं.

सर म्हणाले, "डॉक्टर, अर्जदार मागेच बसलाय. तीळ दाखवता?"

गाल साफ कोरा. डॉक्टर म्हणे कंपाउंडरने लिहिलं असेल.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार, 2010 चा निकाल, त्यात सुप्रीम कोर्टाने सांगूनच ठेवलंय की उपचार न केलेल्या डॉक्टरांच्या रेडीमेड सर्टिफिकेटवर जपून विश्वास ठेवा, शंका असेल तर मेडिकल बोर्डाकडे, म्हणजे डॉक्टरांच्या पॅनेलकडे, तपासायला पाठवा. जज मॅडमनी तेच केलं, अर्जदाराला बोर्डाकडे पाठवायची ऑर्डर झाली. आमच्या बाजूने दिवस चांगला गेला म्हणायचा, पण पाय काही वहीत मोडलेला नव्हता, तो माणूस जिना धरून धरून उतरत होता. ज्याचा क्लेम खरा त्याचाच कागद असा, आता बोर्डाची तारीख मिळेपर्यंत केस लटकणार.

खाली त्याने मलाच गाठलं, "मॅडम, आता माझे टक्के कमी होणार का?"

म्हटलं दादा, मी समोरच्या पार्टीची, तुमच्या वकिलांना विचारा.

"ते डॉक्टरांना गाडीपर्यंत सोडायला गेलेत."