कोतवाल बुकातल्या दोन ओळी

मोडी लिपीतले जुने कागद वाचून देणं हे माझं काम. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून कामाला तोटा नाही, आणि दहा दिवसांचा वर्ग करून प्रमाणपत्र मिरवणाऱ्यांनाही नाही. बहुतेकांना जातीचा रकाना तेवढा वाचून हवा असतो. मँचेस्टरहून आलेल्या या गृहस्थांना मात्र पणजोबा हवे होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खोती गावातून परळला गेलेले, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला. घरची गोष्ट अशी की यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेले.

"ताई, 1921 ची खानेसुमारी काढा," ते म्हणाले. त्यांच्या शेजारणीने तिकडची त्याच सालची काढली होती. इंग्लंडात शंभर वर्षं झाली की घराघराचे तक्ते खुले होतात. 1921 चे 2022 च्या जानेवारीत झाले. तिचा पणजा विणकर, तर कोणत्या मालकाकडे, कामाची जागा कुठली, सगळं नोंदलेलं.

आपल्याकडेही 18 मार्च 1921 ला जनगणना झाली. दारोदार जाऊन नाव, वय, धंदा, लग्न झालेलं की विधवा, सगळं विचारलं. मग माणसामागे एक चिठ्ठी उतरवली, चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावले, मोजले, आणि बेरजा छापून झाल्यावर ते कागद गेले रद्दीत. त्या वर्षी मुंबईतल्या पाचातल्या चार माणसांचा जन्म मुंबईबाहेरचा होता, हे छापील अहवाल सांगतो. त्यातला एकही माणूस नावानिशी सांगत नाही. गृहस्थांना हे पटायला वेळ लागला. सरकार एवढं मोजून फेकून देईल, हे कुणालाही पटत नाही.

उरतं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद. खोती गावात जमीन खोताच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, नावावर, त्यामुळे ती कसणाऱ्या कुळाचं नाव सरकारदरबारी लागलं तर बहुधा जन्मताना नाहीतर मरताना. कचेरीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे, वाळवीने खाल्लेले, आणि कुणा शहाण्याने फाटकी पानं चिकटपट्टीने जोडलेली. चिकटपट्टी पिवळी पडते आणि खालची शाई घेऊन उठते. अशा माणसाला रेकॉर्डरूमच्या उंबऱ्यावरच अडवायला हवं.

1918 चा नोव्हेंबर म्हणजे मानमोडीचे, इन्फ्लुएन्झाच्या साथीचे दिवस. एरवी या कारकुनाचं अक्षर देखणं: शिरोरेषा कडेपर्यंत आधी ओढून घेतलेली आणि अक्षरं तिला सलग लटकवलेली. त्या महिन्यात रेघ वाकडी, बोरू शाईत बुडवायलाही उसंत नाही, कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'ताप' आणि खाली पानभर 'सदरहू', 'सदरहू', म्हणजे वरचंच. त्यात पणजोबा सापडले. नाव, 'बिन'पुढे बापाचं नाव, वय 28, धंदा गिरणी. पट्ट्यात नव्हे, गावी, तापाने.

इथवर काम सरळ होतं. आजोबांच्या जन्माची नोंद मात्र काही केल्या मिळेना. शाळेच्या जनरल रजिस्टरात 1 जून 1919. मास्तरांनी ठोकून दिलेली तारीख, निम्म्या महाराष्ट्राचा जन्म 1 जूनचा आहे. पण ती धरली तर हिशेब बसतो: बाप गेल्यावर सातव्या महिन्यात जन्म. कोतवाल बुकात मात्र 1919 मध्ये त्या घरी मुलगा नाही. आहे तो फेब्रुवारी 1920 मध्ये, आणि बापाच्या जागी पणजोबांचा धाकटा भाऊ. घरच्यांच्या मते हा भाऊ जन्मभर बिनलग्नाचा, भावजयीच्या पोराला सांभाळणारा.

आईचं नाव लिहायला त्या बुकात रकानाच नाही.

मला वाटतं पाट लावला असणार, म्हणजे विधवा भावजयीने दिराशी दुसरं लग्न केलं असणार. कष्टकरी घरांत तेव्हा ते रीतीला धरून होतं, लाज नंतरच्या पिढ्यांना वाटू लागली. पण साथीच्या तडाख्यात कारकुनाकडून 1919 चा जन्म निसटला असेल आणि 1920 चं पोर वेगळंच असेल, हेही शक्य आहे. 1921 ची ती चिठ्ठी असती तर बाईपुढे 'विधवा' लिहिलंय की 'विवाहित', एवढं पाहिलं की संपलं असतं.

दोन्ही नोंदींचं लिप्यंतर जसंच्या तसं केलं आणि माझा तर्क वेगळ्या कागदावर लिहिला. लिप्यंतरात तर्क मिसळणारे वाचक आमच्यात आहेत, त्यांच्यामुळे सगळ्यांवरचा विश्वास उडतो. गृहस्थांनी लिप्यंतर ठेवून घेतलं आणि दुसरा कागद परत केला. "बाबा ऐंशीच्या घरात आहेत. गिरणीवाल्याचा नातू म्हणून लाल बावटा धरला त्यांनी आयुष्यभर."

मी म्हणाले, पाट असला तरी ते गिरणीवाल्याच्या घरातलेच ना. त्यावर ते काही बोलले नाहीत. पैसे चुकते केले आणि शोध इथेच थांबवायला सांगितलं.

थांबवायला हवा, पैसे त्यांचे आहेत. पण त्या गावच्या खोतांच्या वाड्यात कुळांच्या यादीचे जुने कागद आहेत असं तलाठ्याकडून कळलंय, आणि 1921 च्या सुमाराला त्या घराचा मक्ता कोणाच्या नावावर होता हे त्यात निघू शकतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका कामासाठी तिकडे जायचंच आहे.