कांद्याची मुळं निळी करताना

सध्या काय करतेस असं कुणी विचारलं की मी सांगते, कांद्याची मुळं शिजवते. खरंच तेच चाललंय. एमएस्सी मायक्रोच्या प्रोजेक्टसाठी निफाडकडून मुळं आणायची, धुवायची, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये गरम करून पारदर्शक करायची, मग थोडं ॲसिड, मग ट्रायपॅन ब्लू हा निळा रंग. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या मधून निळे धागे पळताना दिसतात, मधेच गोल फुगे, आणि नशीब असेल तर पेशीच्या आत इवलंसं झुडूप, म्हणजे अर्बस्क्यूल. हीच ती मायकोरायझा, मुळांत राहणारी बुरशी, जी जिवंत मुळाशिवाय लॅबमधल्या नुसत्या प्लेटवर वाढतच नाही.

कांदाच का, तर त्याची मुळं जाडसर, फाटे कमी, मूलरोम तर अगदीच तुरळक, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमला चिकटून बसतं, मग ते मुळापर्यंत आणायचं काम बुरशीचे धागे करतात आणि बदल्यात झाडाकडून साखर आणि फॅट घेतात. झाड बुरशीला चक्क बोलावतं. स्फुरद कमी पडलं की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं रसायन सोडतात, त्याने बुरशीला फाटे फुटतात हे २००५ मध्ये जपानी लोकांनी दाखवलं (ज्वारीच्या मुळांवर जगणारं टारफुला हे तण पण याच वासावर उगवतं, म्हणजे आमंत्रण एकाला आणि जेवायला भलताच).

आता गंमत बघा. आमच्या काकांनी मायकोरायझाचं पाकीट पण टाकलं आणि वर १८:४६ (डीएपी, स्फुरदाचं खत) पण दणकून. म्हटलं काका, स्फुरद आयतं मिळालं की झाड बुरशीला बोलवतच नाही हो. तर म्हणे, "अगं पण दुकानदारानेच दोन्ही दिलं ना!" आता यावर काय बोलणार. माझं मत विचाराल तर आधी माती तपासा, कारण बऱ्याच शेतात ही बुरशी मुळात असतेच, आपणच तिला उपाशी ठेवतो.

आता मला फ्लॉवर किंवा कोबीनंतर लावलेल्या कांद्याची मुळं हवीयेत, कारण ही दोन्ही पिकं मायकोरायझाला थारा देत नाहीत, मग त्यांच्यानंतरच्या कांद्याला ती कितपत मिळते ते बघायचंय. दिंडोरी-पिंपळगाव साईडला कुणाकडे असेल तर सांगा, फक्त उपटू नका, मातीसकट खणून द्या, उपटलं की बारीक मुळं जमिनीतच राहतात.