लिलावातली फियाट नागपूरला आणताना

जुनी गाडी लिलावात घेतली म्हटलं की लोक आधी विचारतात, "इंजिन कसं आहे?" मी आधी विचारतो, आरसी कोणाच्या नावावर आहे? इंजिन बांधून देणारे मिस्त्री नागपुरात आजही आहेत. तुटलेला कागद मात्र कोणी बांधून देत नाही. फियाट ११०० डिलाइट घराच्या फाटकात उभी राहीपर्यंत माझी सगळी धावपळ या एका गोष्टीभोवती फिरली.

सुरुवात सरकारी लिलावांपासून झाली. उपराजधानी असल्यामुळे आपल्याकडे कार्यालयं भरपूर आणि प्रत्येक आवारात झाडाखाली एखादी पांढरी अँबेसेडर उभी. खात्याची जाहिरात आली की मी बघायला जायचो. तिथेच शब्द कळले, रीत कळली: अनामत रक्कम आधी भरायची, गाडी 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवर, नंतर तक्रार चालत नाही. सरकारी लिलावातली गाडी नावावर करायला मालकी बदलाचे नेहमीचे फॉर्म २९-३० नाहीत, फॉर्म ३२ लागतो. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत तो आरटीओत द्यायचा, सोबत विक्री कायम झाल्याचं पत्र आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत. ही प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी. नंतर संबंधित बाबूंची बदली होते आणि फाइल सापडत नाही.

तो रस्ता आता जवळजवळ बंद झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राकडेच जातात. प्रदूषणाचं कारण मला मान्य आहे. पण १९५७ ते २०१४ अशी बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघालेली ती अँबेसेडर, त्यातली चांगली टिकलेलीसुद्धा थेट भंगारात जाते, याचं मनापासून वाईट वाटतं. निदान जिल्ह्याला एक तरी राखून ठेवायला हवी होती.

मग मी खासगी लिलावांकडे वळलो. पहिली गाडी मनात भरली ती विदर्भातल्याच एका घराण्याची 'डुक्कर' फियाट, जुन्या फियाटचं हे टोपणनाव. आपल्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, तसा तिचाही टिकला होता. रबर तेवढं उन्हानं तडकलेलं. पण आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा केव्हाच गेलेले, आणि वारसांपैकी कोणीही फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर केलेली नव्हती. लिलाव करणाऱ्यांनी "ते नंतर होऊन जाईल" असं सांगितलं. सगळ्या वारसांच्या सह्या माझ्या हातात आल्याशिवाय बोली लावायची नाही, असं मी ठरवलं. सह्या आल्या नाहीत, मी बोली लावली नाही.

दुसरी फियाट मुंबईत होती, ऑनलाइन लिलावात. फोटो सुंदर होते, पण फोटोत पत्र्याच्या आतलं दिसत नाही. म्हणून मी कामठी रोडवरच्या आमच्या मिस्त्रीकाकांना सोबत घेतलं. तारुण्यात त्यांनी फियाटच बांधल्या. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. खिशातून रुमालात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि दाराच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवत गेले. चुंबक धरत होतं, धरत होतं, आणि मागच्या चाकाच्या वर एका जागी सुटलं. तिथे पत्र्याऐवजी पुट्टी होती.

"भाऊ, इंजिन काय, बनून जाईन. पत्रा पाहा पहिले," काका म्हणाले.

मग त्यांनी मॅट उचलून घेतली आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ अंगठ्यानं दाबला. मुंबईची खारी हवा आधी तिथेच खाते. एका कोपऱ्यात गंज होता, पण तळ दबला नाही. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, बैठकी शाबूत होत्या. ते कळल्यावर मला धीर आला. या गाडीला वेगळा चेसिस नसतो, बॉडीच सगळा भार उचलते, त्यामुळे त्या बैठकी गेल्या की खर्च गाडीच्या किमतीपुढे जातो.

शेवटी बॉनेट. काकांनी बॉडीवरच कोरलेल्या चेसिस नंबरावरची धूळ पुसली, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. आकडे एकेक करून कागदावर उमटले, मी ते आरसीशी ताडून पाहिले. इंजिन नंबरही जुळला. जुन्या फियाटमध्ये कोणीतरी मध्येच डिझेल इंजिन बसवलेलं असणं अगदी सर्रास, म्हणून हे बघावंच लागतं. हे १०८९ सीसीचं मूळ पेट्रोल इंजिनच होतं.

कमाल बोली ठरवताना मी हातोड्याच्या भावावर, म्हणजे शेवटच्या बोलीच्या आकड्यावर, थांबलो नाही. समजा बोली ३ लाखांची. त्यावर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलाव करणाऱ्यांना वरून द्यायची रक्कम, १५ टक्के धरला तर ४५,०००, आणि प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८,१००. झाले ३,५३,१००. पुढे नागपूरपर्यंतचा ट्रक, विमा, आरटीओ आणि पत्र्याचं काम. ही सगळी बेरीज उलट्या बाजूनं वजा करत मी माझा आकडा काढला आणि बायकोच्या हातात लिहून दिला. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढतो, पुन्हा बोली येते, पुन्हा वाढतो. एक जण बराच वेळ माझ्यामागे होता. तो माझ्या आकड्याच्या थोडा अलीकडे थांबला आणि गाडी मला मिळाली.

कागदांचा प्रवास मात्र सरळ झाला. मालक हयात, त्यांच्या सह्या २९ आणि ३० वर, जुन्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर. एक निर्णय इथे घ्यावा लागला. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,०००, नंबरात 'व्हीए' अक्षरं, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणं एवढ्याचसाठी रस्त्यावर आणता येते. मला तर रविवारी सकाळी आईला घेऊन रामटेकला जायचं आहे. म्हणून मी साधी नोंदणीच पुढे चालू ठेवली, पर्यावरण कर भरला, आणि जुना मुंबईचा नंबरही तसाच राहिला. तो नंबर मला फार प्रिय आहे.

चाकावरचा पत्रा आता काकांनी कापून नवा जोडला आहे. वायरिंग पूर्ण बदललं. काचांचं बीडिंग मुंबईहून मागवलंय, ते बसलं की रंगकाम. मे महिन्याच्या आत इंधनपंपाजवळच्या नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची आहे, नाहीतर आपल्या पंचेचाळीसच्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी सिग्नलला बंद पडते.