शेंदरी लघवी

रात्री सव्वानऊला त्या पोराला चादरीत गुंडाळून आणलं, तेव्हा आकडी सुरू होऊन चाळीस मिनिटं उलटली होती. वय चार, वजन 14 किलो. ताप नाही, डोक्याला मार नाही, आधी कधी आकडी आलेली नाही. शुगर व्यवस्थित. आकडी थांबवणारं लोराझेपाम दिलं, पाच मिनिटांनी पुन्हा दिलं. मग लेव्हेटिरासिटाम, किलोला 60 मिलिग्रॅम. तरी हात-पाय उडतच होते. नळी घालून व्हेंटिलेटरला जोडलं, मिडाझोलाम चालू केलं. दहा मिनिटं शांतता, की ओठाचा डावा कोपरा पुन्हा उडायला लागे.

"घरात कुणाला कसली औषधं चालू आहेत का?" आईबापांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "नाही मॅडम."

सिस्टरनी कॅथेटर घातला आणि मला हाक मारली. पिशवीत उतरणारी लघवी शेंदरी होती. रक्ताची लाली अशी नसते. टीबीच्या वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हा रंग ओळखू येतो. तो रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा.

बाहेर आजी बाकावर एकटीच होती. शेजारी बसून हळूच विचारलं, "टीबीच्या गोळ्या कुणाला चालू आहेत, आजी?"

तिने आधी लांब उभ्या सुनेकडे पाहिलं. "ह्याच्या आज्याला. कुणाला सांगू नका बाई, धाकटीचं लगीन ठरायचंय."

घरी फोन लावून पट्टी मोजायला सांगितली. चौदा गोळ्या कमी.

त्या प्रत्येक गोळीत 75 मिलिग्रॅम आयसोनियाझिड, म्हणजे टीबीचंच आणखी एक औषध, असतं. जास्त झालं की ते शरीरातलं बी-6 जीवनसत्त्व निकामी करतं, आणि बी-6 शिवाय मेंदूला आवर घालणारं गाबा हे द्रव्य तयार होत नाही. आमची लोराझेपाम, मिडाझोलाम ही औषधं गाबाच्याच जोरावर चालतात. तेच संपलं असेल तर ती कुणाच्या जोरावर चालणार? यावर उतारा बी-6 म्हणजे पायरिडॉक्सिन, जेवढं आयसोनियाझिड पोटात गेलं तेवढंच. हिशोब 1050 मिलिग्रॅमचा. एवढं इंजेक्शन हाताशी नव्हतं. शंभरच्या अकरा गोळ्या खलात कुटल्या, पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून सोडल्या, आणि मी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून बसले. अर्ध्या तासाने बोटाखालची थरथर थांबली. नंतरही पाच मिनिटं मी बोट काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढली. यकृतावर आठवडाभर लक्ष ठेवलं, ते सावरलं.

डिस्चार्जच्या दिवशी आजोबा आले. तोंडाला उपरणं गुंडाळून दाराबाहेरच उभे. आत या म्हटलं तरी येईनात. "त्या रात्रीपासून गोळी घेतली नाही मी. माझ्यामुळंच झालं सगळं."

आठ दिवस झाले होते. टीबीच्या माणसाने असं मधेच औषध सोडायचं नसतं, हे त्यांना बाकावर बसवून समजावलं. मग टीबी विभागाला फोन करून आजोबांचा खाडा सांगितला, त्यांच्या सल्ल्याने नवी पट्टी मागवली. पोराच्या बापाला गोळ्यांसाठी झाकणाचा डबा आणि उंच फळी सांगितली. त्या दिवसाच्या गोळ्या आजोबांनी माझ्यासमोर, माझ्याच बाटलीतल्या पाण्याने घेतल्या.