फोटोला घातलेला हार

मी वेंगुर्ल्याकडच्या एका बँकेत काउंटरला बसते. मे महिन्यातली गोष्ट. आमच्या नेहमीच्या एक काकी, सत्तरीच्या, भर दुपारी एफडी मोडायला आल्या. 2 लाखांची, काजू बी विकून विकून साठवलेली, वेंगुर्ला-7 या काजूच्या जातीची ती कलमं काका असताना दोघांनी मिळून लावलेली. म्हटलं काकी कशाला मोडताय, तर पिशवीतून लाईटबिल, औषधाची चिठ्ठी आणि त्यातच घडी घातलेली पॉलिसी बाहेर आली. युलिप, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र. वर्षाला 50,000 हप्ता, पहिला भरलेला, आता तसलीच दुसरी घ्यायची होती.

एजंट काय बोलला विचारलं. चार्जेस, मुदत, कशाचा पत्ताच नाही.

"माझ्या घोवाच्या फोटोक हार घातल्यान. म्हणालो, काका असते तर नातवासाठी नाय म्हटले नसते."

सांगताना डोळे भरले त्यांचे. आता यात खोटं काहीच नाही हो, काकांची माया खरी, नातवाची काळजी खरी, फक्त त्या मायेचा या कागदाशी काय संबंध ते कोणी सांगितलंच नाही. मन वळवायचे तीन मार्ग ॲरिस्टॉटलने 2300 वर्षांपूर्वी मांडलेत, बोलणाऱ्यावरचा विश्वास, भावना आणि तर्क. इथे पहिल्या दोघांवरच काम झालं होतं.

मी आकडेमोड सुरू केली, काकी नुसत्या मान डोलवत होत्या. "पैसे बुडतील" म्हटलं असतं तर एका मिनिटात ऐकलं असतं त्यांनी, ओठांवर आलंही होतं, पण ते खरं नव्हतं आणि भीती घालणं म्हणजे पुन्हा तेच. मग साधं विचारलं, नातवाला पैसे कधी लागणार?

"जूनात, कॉलेजाची फी."

म्हटलं काकी, यातले पैसे 5 वर्षं काढता येत नाहीत, आणि हप्ता दरवर्षी भरायचा.

"दरवर्षी? माका वाटला एकदाच!"

त्या गप्प बसल्या, कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवून. पॉलिसी हातात पडून 18 दिवस झालेले, परत करायला 30 दिवस मिळतात, थोडी कपात होऊन हप्ता परत येतो. तिथेच अर्ज लिहिला, काकींनी एकेक अक्षर जुळवत सही केली. एफडी तशीच ठेवली.

पिशवी आवरून दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या.

"त्या एजंट झिलाक वायट वाटूचा नाय मा?"